वाचक विचारतात : घाट लागला की मी मागे का पडतो?

प्रश्न : आमचा ऑफिसातल्या आठ-नऊ जणांचा बाईकचा ग्रुप आहे. रविवारी सकाळी सहाला चांदणी चौकातून निघायचं, पौड, मुळशी करत ताम्हिणी, आणि जेवायला घरी परत. रेसर वगैरे कोणी नाही. सरळ रस्त्याला मी सगळ्यांच्या बरोबर असतो पण घाट सुरू झाला की मागे पडतो, वळणाच्या मध्येच भीती वाटते, ब्रेक दाबला जातो आणि गाडी बाहेर बाहेर जाते. बाकीचे टपरीवर चहा संपवून बसलेले असतात, मग टोमणे. याच राइडमध्ये प्रॅक्टिस करून सुधारायचंय, जमेल का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : जमेल, पण पुढच्या गाडीला गाठायची प्रॅक्टिस करणार असाल तर नाही. तुमचा घोटाळा तिथेच आहे असं मला वाटतं. मागे पडलो म्हणून सरळ पट्ट्यात जोरात ओढता, वळण अंगावर येतं तेव्हा वेग जास्त असतो, मग मध्येच पुढचा ब्रेक. झुकलेल्या गाडीला पुढचा ब्रेक दाबला की ती सरळ उभी राहायला बघते, उभी राहिली की वळायची कमी होते आणि रस्ता संपतो. गाडीचा यात काही दोष नाही. ब्रेक आणि गिअर दोन्ही वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच उरकून टाका, मग हलका अ‍ॅक्सिलरेटर धरून वळणातून जा आणि पुढचा रस्ता मोकळा दिसला की उघडा. क्लच दाबून वळणात घरंगळत जायची सवय असेल तर ती आजच मोडा.

वेगाचा हिशोब एकदा बघा, म्हणजे पटेल. समजा वळणाची त्रिज्या 30 मीटर आहे. 40 च्या वेगाने गेलात तर साधारण 23 अंश झुकावं लागतं, त्याच वळणात 60 ने गेलात तर 43 अंश! वेग दीडपट, झुकाव जवळजवळ दुप्पट. आणि रस्त्यावर खडी असेल तर 43 अंशाला टायर तुमचं काही ऐकत नाही.

आता माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी भजी खाऊन आम्ही महाडच्या बाजूला उतरत होतो आणि मी पुढच्या मित्राच्या मागच्या लाल दिव्यावर नजर लावून चाललो होतो, तो जिथे ब्रेक मारेल तिथे मी मारायचो. एका उजव्या वळणात तो निघून गेला, मी मात्र समोरच्या कठड्याकडे बघत राहिलो आणि गाडी इमानदारीत कठड्याकडेच निघाली. कडेच्या बारीक खडीत पुढचं चाक घसरत घसरत थांबलं, कठडा हातभर राहिला असेल. खालून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली, खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, घाट काय पळून चाललाय का?" तेव्हापासून एक शिकलो, नजर जाईल तिथे गाडी जाते. त्यामुळे पुढच्याच्या दिव्याकडे, खड्ड्याकडे किंवा दरीकडे टक लावायची नाही, जिथून बाहेर पडायचंय तिकडे मान वळवायची. नुसते डोळे नाही, हनुवटीसकट.

त्यातलीच एक युक्ती. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब जिथे एकमेकींना मिळताना दिसतात, त्या जागेवर लक्ष ठेवा. ती जागा तुमच्याकडे सरकत येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. ती लांब पळायला लागली की वळण उघडतंय. दोन-तीन रविवार फक्त एवढंच करा, झुकायचं वगैरे विसरून जा. एका राइडला एकच गोष्ट. आणि आधी चढताना शिका, उतरताना नंतर, कारण चढावर वेग आपोआप आवरतो आणि उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो.

आणखी एक, हे फार कमी जण लक्षात ठेवतात. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजव्या वळणात तुमची चाकं मधल्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे असली तरी झुकलेलं डोकं पट्ट्याच्या पलीकडे असू शकतं, आणि तिथूनच समोरून एसटी येत असते. उजव्या वळणात डावीकडे राहा, पट्ट्याला चिकटू नका. अगदी यू आकाराच्या वळणात एसटीला पूर्ण रस्ता लागतो, तिथे थांबून तिला जाऊ द्या. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा तर नियमच आहे.

ग्रुपला पण थोडं बदलावं लागेल. सरळ रस्त्याला एक डावीकडे, एक उजवीकडे असे चालता तसं घाटात नको, तिथे एकामागे एक, मध्ये तीन-चार सेकंद. सगळ्यात हळू माणूस शेवटी नको, तो लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याच्या, लगेच मागे, म्हणजे लीड आपोआप त्याच्या वेगाने चालतो. अनुभवी माणूस शेपटाला. घाटात आपापसात ओव्हरटेक नाही, फाट्यावर सगळ्यांची वाट बघायची. हे निघायच्या आधी ठरवा, आणि कोणी हसलं तर हसू द्या. पावसाळ्यातल्या रविवारी दहानंतर ताम्हिणीत प्रॅक्टिस करू नका, धबधब्यापाशी दार उघडून उतरणारे लोक, चिखल, शेवाळ, माकडं, आणि कणसाच्या गाड्यांशी अचानक थांबणाऱ्या कार.

प्रश्न : माझी 350 सीसीची जड गाडी आहे. पसरणी घाटात डाव्या वळणात फुटपेग (पाय ठेवायचा दांडा) रस्त्याला घासला, ठिणग्या उडाल्या, मी एकदम दचकले. टेकत असेल तर पडणार का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, लगेच नाही. अशा गाड्यांचे फुटपेग खाली असतात त्यामुळे ते लवकर टेकतात. दुमडणारा पेग असेल तर तो वर सरकतो, तो तुम्हाला सावध करतोय असं समजा. दचकून ब्रेक मारणं किंवा गाडी झटक्यात उभी करणं जास्त धोक्याचं. तो आवाज आला की हळूच अ‍ॅक्सिलरेटर थोडा कमी करा आणि पुढचं वळण 5-10 ने कमी वेगात घ्या. मागे कोणी बसलं असेल तर शॉकअप बसतो आणि पेग आणखी लवकर घासतो, तेव्हा मागच्या शॉकअपचं सेटिंग वाढवून घ्या.

प्रश्न : डावीकडे वळायला डावा हँडल पुढे ढकलायचा असं मित्र म्हणतो, तो वेडा आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्र शहाणा आहे. धावत्या बाईकवर तुम्ही नकळत तेच करता. मोकळ्या मैदानात 30-40 च्या वेगाने डावा हँडल अगदी हलका पुढे ढकलून बघा, गाडी डावीकडे झुकेल. नंतर दोन चपला ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढा, हळूहळू, पहिल्या गिअरमध्ये. तिथे मात्र वेग कमी असल्याने हँडल नेहमीसारखा वळवावा लागतो, गोंधळू नका.

प्रश्न : माझ्या टायरच्या कडा अजून कोऱ्या आहेत, म्हणजे मी वळणात गाडी फारशी झुकवत नाही, म्हणून ग्रुपमध्ये चेष्टा होते. (एक वाचक, कल्याण)

उत्तर : कडा झिजवायला टायर घेतला नव्हता. टायर नवीन असेल तर पहिले शंभर एक किलोमीटर तर मुळीच झुकवू नका, वरचा गुळगुळीत थर जाऊ द्या. आणि निघायच्या आधी हवा बघा, ती कमी असली तर चेष्टा करणाऱ्यांचा पण टायर घाटात साथ देत नाही.