दारूबंदीच्या राज्यात मीटिंगला कसे जावे?

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय 52 असून आमच्या तीन पिढ्या बडोद्यात, दांडिया बाजारातच गेल्या. आठ-नऊ वर्षांपासून मला रोज संध्याकाळी दारू लागते आणि अलीकडे सकाळी चहाचा कप धरतानाही हात थरथरतो. परमिटवरची दारू महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच संपते. पुढे कसे भागते ते लिहीत नाही. दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या मीटिंग होतात असे ऐकले आहे. त्या शोधाव्यात कशा? गुजरातेत दारूबंदी असताना चार लोकांत ‘मी पितो’ असे सांगणे धोक्याचे ठरणार नाही का? तिथे ओळखीचे कुणी भेटले तर? गुजराती मला उत्तम येते, पण मनातले बोलायला मराठीच लागते.
— एक वाचक, बडोदे

उत्तर : हात थरथरण्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मला सुरुवात तिथूनच करावी लागेल. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय जडलेली असते आणि ती एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. त्यानंतर, साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान, भ्रम होणे, भास होणे, नाडी भरभर चालणे अशी अवस्था येऊ शकते आणि ती जिवावरही बेतते. म्हणून मीटिंगला जाण्याच्या उत्साहात आज रात्रीपासून दारू बंद, असे मनाशी ठरवू नका. आधी सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या विश्वासातील डॉक्टरांकडे जा आणि रोज किती पिता याचा खरा आकडा सांगा. (बहुतेक लोक निम्माच सांगतात, आणि औषधाचे प्रमाण त्यावरच ठरते.) 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचाही समावेश असून रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्यात दिलेला आहे.

डॉक्टरांकडील उपचार चालू असतानाही मीटिंगला जाता येते. तुम्ही ऐकलेल्या मीटिंग घेणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, या फेलोशिपच्या (एकमेकांना आधार देणाऱ्या मंडळींच्या संघटनेच्या) भारतातील संकेतस्थळावरून शहरवार संपर्क मिळतो. जाण्यापूर्वी फोन मात्र अवश्य करा, कारण जागा आणि वेळा बदलत असतात. ‘ओपन’ मीटिंगला नातेवाईकही येऊ शकतात, ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते, एवढा फरक फोनवरच विचारून घ्यावा. संपर्क झाला नाही, तर केंद्र सरकारच्या 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर चौकशी करता येते.

आता तुमची खरी भीती. एएमध्ये सदस्यत्वासाठी अर्ज नाही आणि फीही नाही. दारू सोडण्याची इच्छा ही एकच अट आहे. माणसे फक्त पहिले नाव सांगतात, आणि तेही खरेच असावे असा कुणाचा आग्रह नसतो. खर्चासाठी शेवटी थैली फिरते. नव्या माणसाने त्यात काही टाकलेच पाहिजे असे नाही. कायद्याचा सल्ला देण्याचा मला अधिकार नाही, परंतु ‘मला ही सवय सोडायची आहे’ एवढेच बोलून खाली बसण्यास तिथे पूर्ण मोकळीक असते. दारू कुठून आणली, कुणाबरोबर प्यायली, हे कुणी विचारत नाही आणि तुम्हीही सांगू नये.

ओळखीचा माणूस भेटला तर काय, या प्रश्नावर मला थोडे हसू आले, रागावू नका. दांडिया बाजारात तो तुम्हाला पाहत असेल तेव्हा तो प्रेक्षक असतो. मीटिंगच्या खोलीत तो त्याच बाकावरचा असतो. 1935 मध्ये अमेरिकेतील अॅक्रन शहरात ही चळवळ सुरू झाली तीच अशी : दारूच्या ओढीने घाबरलेल्या एका शेअर दलालाने, आपला तोल सावरावा म्हणून, बोलायला दुसरा दारूडा शोधला, आणि त्याला भेटला तो एक शल्यचिकित्सक. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची गरज तेवढीच असते, हे त्या दोघांना उमगले. तरीही फार संकोच वाटत असेल, तर पहिल्या काही मीटिंग दूरच्या भागातील निवडा.

भाषेचे म्हणाल, तर बडोद्यातील मीटिंगमध्ये गुजराती आणि हिंदी कानावर पडेल. मराठीत बोलू का, असे विचारून पाहा. मराठी मीटिंग ऑनलाइनही होतात, तेव्हा आठवड्यातून एखादी ती जोडून घ्यावी. प्रत्यक्ष खोलीतील मीटिंग मात्र सोडू नये, कारण रात्री नऊ वाजता तलफ आली की ज्याला फोन करायचा तो माणूस तिथेच भेटतो. एका मीटिंगवरून निर्णय घेऊ नका. एखाद्या गटात प्रार्थनेवर फार भर असेल, एखाद्यात एकच गृहस्थ पाऊण तास बोलत राहतील. किमान सहा मीटिंगना जाऊन मग ठरवा.

पत्नीविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही. त्यांच्यासारख्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी फेलोशिप आहे. तिथे तुम्ही पीत असलात तरी त्या जाऊ शकतात. जेवणात गुपचूप मिसळायच्या पावडरीची जाहिरात त्यांनी पाहिली असेल, तर ती आणू नये, एवढे मात्र त्यांना आजच सांगा.