इंदूरच्या रोजगार कार्यालयातून कधी कुणाला खरंच नोकरी लागली का, आणि हे कार्यालय निघालंच कशाला?

तुमच्या प्रश्नातल्या ‘खरंच’ या शब्दासाठी लिहायला बसले. हो, लागली. मला लागली. 1983 साली एका सरकारी खात्यात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिक, म्हणून रुजू झाले आणि 2023 मध्ये निवृत्त झाले. मधे कुणाचा वशिला नाही, चिठ्ठी नाही.

कार्यालय कशाला निघालं ते आधी सांगते. ते मुळात आपल्यासारख्यांसाठी नव्हतंच. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, जुलै 1945 मध्ये, सैन्यातून सुटणारे जवान आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतले कामगार यांना पुन्हा कामाला लावायला केंद्राने अशी कार्यालयं चालवणारं वेगळं खातं काढलं. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली आणि 1948 पासून दार सगळ्यांना उघडं झालं. 1 नोव्हेंबर 1956 ला या कार्यालयांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. त्याच दिवशी आपलं मध्य भारत हे राज्य जाऊन मध्य प्रदेश झाला होता. पुढे 1959 चा कायदा 1 मे 1960 पासून लागू झाला. सरकारी आस्थापना आणि 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापना, यांनी रिकाम्या जागा कार्यालयाला कळवायच्याच, असं त्यात होतं.

याचं मोल आमच्या घरात बाबांना ठाऊक होतं. ते मिलमध्ये लागले तेव्हा जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, दारात महिनाभर उभे राहिले होते. पहिल्या पगारातले पैसे त्याला द्यावे लागले, ते त्यांनी आईलाही कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं. म्हणून 1979 मध्ये माझा अकरावीचा निकाल लागला तेव्हा त्यांनी पेढे नंतर आणले. आधी मला सायकलवर पुढे बसवून रोजगार कार्यालयात पंजीयनाला, म्हणजे नाव नोंदवायला, नेलं. माझा आतेभाऊही त्याच आठवड्यात नाव नोंदवून आला.

एक्स-10 कार्ड, म्हणजे नोंदणीचं ओळखपत्र, मिळालं. त्यावर नंबर, योग्यता आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे नोंदणीची तारीख. खात्याकडून जागा आली की कार्यालय त्या योग्यतेची कार्डं काढायचं आणि ठरावीक संख्येत नावं पाठवायचं, जुन्या तारखेची आधी. ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्या बाजूने ती तारीख बोलायची. अट एकच, नवीनीकरण चुकवायचं नाही. चुकलं की नाव पटावरून उतरतं, पुन्हा नोंदवा, तारीख नवी. रांगेत शेवटी.

मी एकदाही चुकवलं नाही. एकदा अंगात ताप असताना बाबा म्हणाले, रिक्षा करू पण जाऊ. हिंदी टायपिंगची परीक्षा दिली तीही कार्डावर चढवून घेतली. माझं कार्ड घड्यांवर फाटलं तेव्हा आईने मागून पतंगाचा कागद खळीने चिकटवला. तो अजून आहे. जांभळे शिक्के फिके झालेत, पण तारखा वाचता येतात.

आतेभावाचं नवीनीकरण दुसऱ्याच खेपेला चुकलं. कॉल आला तेव्हा माझं नाव यादीत होतं, त्याचं नव्हतं. टायपिंगची चाचणी दिली, मुलाखत दिली, लागले. तेव्हापासून चाळीस वर्षं तो नातेवाइकांत सांगतो की हिची कुठेतरी ओळख होती. लग्नात सांगितलं, बाबांच्या तेराव्यालाही सांगितलं. हे मला सहन होत नाही. ज्या माणसाने लेकीसाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून तिला त्या खिडकीशी नेलं, त्याच्या मागे असं बोलायचं?

आता हेही सांगायला हवं, की कायदा जागा कळवा एवढंच म्हणत होता, कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घ्याच असं नाही. कितीतरी जण वय उलटेपर्यंत वाट पाहत राहिले, माझ्या वर्गातल्या दोघी त्यांतल्याच. आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नुसती कार्यालयाची यादी पुरे नाही, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार करा. निर्णय योग्यच होता. ज्याला नोंदणी जमली नाही त्याला दार बंद का? पण तारखेचा जोर तिथून ओसरला. माझ्यासारखी नोकरी आज त्या वाटेने लागणार नाही.

तुम्हाला नोंदवायचं असेल तर नोंदवा, आता ऑनलाइन होतं. 2015 पासून राष्ट्रीय करिअर सेवेचं पोर्टलही आहे. पोलोग्राउंडच्या कार्यालयात रोजगार मेळावे लागतात, तिथे जा, मात्र त्यावर विसंबून परीक्षांचे फॉर्म भरायचे थांबू नका. राज्याच्या भरतीत जिवंत पंजीयन मागितलं असेल तर मुदत आधी तपासा आणि पंजीयन पडू देऊ नका. ते पडलं तर दोष स्वतःला द्या, ज्याने सांभाळलं त्याला नाही.