कुत्रीला उचललं की केकाटते, जखम मात्र कुठेच दिसत नाही. काय असेल?

पहिला संशय मानेचा किंवा पाठीचा. डॅशहुंड, शिह त्झूसारख्या बुटक्या जातींत मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाबते. आमच्या डॅशहुंडचं तेच निघालं. सोफ्यावर उडी मारणं तिनं आपणहून सोडलं होतं, पाठ कमानीसारखी वर, पोट दगडासारखं घट्ट. आणि आम्ही शहाणे पोटदुखी समजून ओव्याचं पाणी पाजत होतो! काखेत धरून उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. माणसांचं पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन मनानं देऊ नका, जिवावर बेततं. मागचे पाय लटपटले किंवा लघवी अडली तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. नाहीतर उद्या-परवा दाखवा, कान आणि शेपटीखालच्या ग्रंथीही तपासायला सांगा. तोवर जिने, उड्या बंद.