घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कोणतं लिनक्स टाकावं?

तुम्ही लिहिलंय की मशीन ९-१० वर्षांचं आहे, रॅम ४ जीबी, विंडोज ११ त्यावर चढत नाही आणि घरात वापर म्हणजे ब्राउझर, व्हिडिओ, थोडंफार टायपिंग. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टम, तिचे बरेच प्रकार (डिस्ट्रो) आहेत. त्यातलं लिनक्स मिंट घ्या, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू, सगळं विंडोजसारखंच. घरच्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

घरच्या मशीनसाठी मी आधी एकच गोष्ट बघतो: अपडेट किती वर्षं मिळणार? मिंट हे उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीवर बेतलेलं आहे आणि त्या आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात. मिंट २२ टाकलंत तर २०२९ पर्यंत बघायला नको. फेडोरा हे आणखी एक लिनक्स मला स्वतःला फार आवडतं, पण त्याची एक आवृत्ती जेमतेम १३ महिने चालते, म्हणजे वर्षाकाठी एक मोठं अपग्रेड ठरलेलं. आर्च हे जाणकारांचं लिनक्स, ते सध्या नको.

मात्र नाव ठरलं म्हणून लगेच इन्स्टॉल करू नका. मी वडिलांच्या लॅपटॉपवर तीच चूक केली होती. सगळी डिस्क पुसून लिनक्स टाकलं आणि मग कळलं की वाय-फाय दिसतच नाही. ड्रायव्हर (वाय-फायचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! शेवटी मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू केलं, मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घेतला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. संध्याकाळ गेली ती गेलीच.

म्हणून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) एचर किंवा रुफस या प्रोग्रॅमने चढवा आणि मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करा. डिस्कला हात न लावता मिंट चालतं. वाय-फाय जोडा, व्हिडिओ लावून आवाज ऐका, प्रिंटर असेल तर एक पान छापून बघा. लॅपटॉप असेल तर झाकण मिटून पुन्हा उघडा. झोपलेलं मशीन जागं न होणं ही तक्रार बऱ्याचदा इथेच सापडते. पेनड्राइव्हवरून थोडं संथ वाटेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

वेगाचं म्हणाल, तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) बसवली की जो फरक पडतो तो कुठलंही डिस्ट्रो बदलून पडत नाही. रॅम वाढवता आली तर ८ जीबी करा, कारण ती खातो तो ब्राउझर.

फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. इन्स्टॉल झाल्यावर पहिलं काम, मिंटमधला टाइमशिफ्ट हा प्रोग्रॅम उघडून एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टमची त्या क्षणाची प्रत. अपडेटनंतर काही बिघडलं तर १५-२० मिनिटांत मागे जाता येतं.