दूध सोडलंस ते राहू दे, पण चूल पेटव

ताई, मी ३१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. पाच महिन्यांपूर्वी व्हिगन झाले आणि त्याच आठवड्यापासून फक्त कच्चं खाते. सकाळी दुधीचा रस, मग अर्धा किलो पपई. दुपारी वाटीभर मोड आलेले मूग आणि काकडी-गाजर. चारला दोन केळी, १५ बदाम, रात्री परत फळं. मीठही सैंधवच. वजन ५५ वरून ४७ वर आलंय, केस गळतात, सतत थंडी वाजते, दोन महिने पाळी नाही. सासूबाई तर जेवणाच्या वेळी माझ्याकडे बघतही नाहीत. गाई-म्हशींचे हाल पाहून घेतलेला निर्णय मला मोडायचा नाही. काय करू?
– एक सून, पुणे

प्रिय मैत्रिणी,

तू एका आठवड्यात दोन निर्णय घेतलेस आणि पत्रात त्यांचा एकच करून टाकलास. जनावरांचं काही खायचं नाही, हा पहिला. विस्तवावर शिजलेलं खायचं नाही, हा दुसरा. पहिला मोडायची काहीच गरज नाही, नीट सांभाळला तर तो अंगाला मानवतो. दुसऱ्याने मात्र एकाही म्हशीचं भलं होत नाही. तू मुगाचं वरण शिजवलंस म्हणून कुठल्या रेडकाच्या तोंडचं दूध जात नाही. तुझं अंग खचलंय ते मुख्यतः या दुसऱ्यामुळे.

तू लिहिलेल्या दिवसाची बेरीज केली तर ती हजार कॅलरींच्याही आत राहते. बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबाने सुमारे १६६० लागतात. पोट भरल्यासारखं वाटतं, कारण फळा-काकडीत पाणी आणि चोथाच जास्त. मोडाच्या मुगांबद्दलही अनेकींची फसगत होते. कोरड्या मुगात १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम प्रथिनं, पण मोड येईपर्यंत दाणा इतकं पाणी पितो की १०० ग्रॅम मोडांत त्याच्या निम्म्याहूनही कमी उरतात. तुला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास हवीत. नुसत्या मोडांवर भागवायचं तर वाट्यांवर वाट्या खाव्या लागतील.

पाळीचं असं आहे, की अन्न कमी पडलं की शरीर आधी तीच थांबवतं. जर्मनीतल्या गीसेनच्या संशोधकांनी कच्चं खाणाऱ्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यात ४५ वर्षांखालच्या सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. तरीही कारण गृहीत धरू नकोस. आधी घरी गर्भचाचणी कर आणि याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घे. बी-१२ ची गोळी सुरू करायच्या आधी रक्त दे, नाहीतर आकडा फसवा येतो.

बी-१२ कुठल्याच भाजीपाल्यातून भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीत असतं ते बहुतांशी त्यासारखं दिसणारं, पण शरीराला न वापरता येणारं रसायन. पातळी ठीक असेल तर रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून दोनदा १००० पुरे. कमी निघाली तर मात्रा डॉक्टर ठरवतील, कदाचित इंजेक्शनं लागतील. हे टाळू नकोस, कारण पालेभाज्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्त ठीक दिसत राहतं आणि आतून नसा बिघडत जातात. तळपायाला मुंग्या येत असतील तर तेही डॉक्टरांना सांग. ड जीवनसत्त्वाची गोळी घेताना विचारून घे, डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनतं. डी-२ चालेल. आणि सैंधवात आयोडीन नगण्य असतं, तेव्हा साधं आयोडीनयुक्त मीठ वापर.

दुधीचा रस आजच बंद कर. एखादा दुधी कडू निघतो, त्यातल्या विषाने रक्ताच्या उलट्या होतात आणि आपल्याकडे माणसं दगावलीही आहेत. शिजवून भाजी करतानासुद्धा आधी चकती चाखायची आणि कडू लागली तर थुंकून अख्खा दुधी फेकायचा. राजमा मोड आणूनही कच्चा खायचा नाही, भिजवलेलं पाणी ओतून तो खळखळून उकळायलाच हवा. सोयाबीनही कच्चं नको, त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. मूग-मटकीचे मोड खा, पण पाच मिनिटं वाफवून. ज्या ओल्या उबेत मोड येतात तिच्यातच जंतूही वाढतात आणि धुऊन ते सगळे जात नाहीत.

आता रोजचं ताट. ज्वारी-नाचणीचं मिळून १५० ग्रॅम पीठ, ८० ग्रॅम कोरडी डाळ किंवा कडधान्य, २५ ग्रॅम सोया वडी आणि मूठभर शेंगदाणे. यात तुझी प्रथिनं भागतात. उसळीवर लिंबू पिळ, जेवणानंतर तासभर चहा नको, म्हणजे लोह अंगी लागेल. चमचाभर जवस भाजून कुटूनच खा, अख्खं तसंच बाहेर पडतं. कॅल्शियमसाठी नाचणी आणि सालासकट तिळाची चटणी. पहिले चार दिवस एका वेळेलाच भाकरी-वरण घे, मग दोन्ही वेळा. कोशिंबीर आणि एखादं फळ राहू दे की, कच्च्याशी वैर कशाला?

सासूबाईंचं दुखणं तुपाचं नसावं असं मला वाटतं. पाच महिन्यांत त्यांनी रांधलेला एक घास तुझ्या तोंडी गेलेला नाही, आणि तुझी हाडं त्यांना रोज दिसताहेत. कच्च्याचा हट्ट सोडलास की तुमच्यात फक्त चमचाभर तूप उरतं. ते पानात वाढताना घ्यायचं असतं, तेव्हा पातेलं एकच राहू शकतं. त्यांना सरळ सांग, “आई, तुमच्या हातचं वरण मला हवंय. फोडणी तेलाची करूया, तूप तुम्ही वरून घ्या.” पिठलं, झुणका, भरली वांगी, सोलकढी हे तर आहे तसंच तुझं आहे. पुरणपोळीबरोबर नारळाचं दूध कोकणात चालतंच. देवाच्या नैवेद्याचं दूध त्यांच्याकडे राहू दे, तिथे वाद घालू नकोस.

कढीसाठी दाण्यांचं दही लाव. वाटीभर शेंगदाणे सात तास भिजवून सालं काढ, अडीच वाट्या पाण्यात वाटून गाळ आणि मंद आचेवर सात मिनिटं ढवळत उकळ. ढवळणं थांबलं की तळाला लागतं. कोमट झाल्यावर हिरव्या मिरचीची आठ-दहा देठं धुऊन त्यात बुडव आणि रात्रभर उबेत ठेव. गरम असताना घातलीस तर फाटतं, पाणी जास्त झालं तर सैल राहतं. हे पहिलं दही खायला बरं लागत नाही, त्यातलं चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापर. दुसरं लागलं की आधी सासूबाईंना चाखायला दे. आंबट किती हवं ते त्या बरोबर सांगतील.