पणजोबांची जमीन निजामकाळात कुणाच्या नावावर होती, हे मराठवाड्यात कसं शोधायचं?

आजचा गट नंबर घेऊन थेट जुनं रेकॉर्ड मागू नका. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. गट नंबर एकत्रीकरण योजनेत पडले, त्याआधीचे कागद सर्वे नंबरवर आहेत. म्हणून आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा एकत्रीकरण उतारा काढा, त्यात जुना सर्वे नंबर मिळतो.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक पहिल्यांदा मागा. मराठवाड्यात वंशावळ शोधायला याच्याइतका भक्कम कागद क्वचितच सापडतो. त्यात मालक आणि कसणारा वेगवेगळे दिसतात, तेव्हा कूळ कोण होतं तेही कळतं. पुढच्या वारसांसाठी जुने फेरफार बघा. 'मयत, वारस मुलं अमुक' अशी नोंद असली की एक पिढी जोडली गेली म्हणून समजा.

त्याआधीचं हवं असेल तर भूमी अभिलेखकडे सेतवार (मोजणीच्या वेळची सर्वे नंबरवार जमिनीची नोंदवही) मागा. इनाम जमीन असेल तर मुंतखबही (निजाम सरकारने इनाम मान्य केल्याचा दस्तऐवज) शोधा.

निजामकाळातले बरेच कागद उर्दूत आहेत आणि साल फसली, म्हणजे तेव्हाचं महसुली साल. 1357 फसली म्हणजे 1947-48; ढोबळ हिशेबाने 590 मिळवा. आडनाव बहुधा नसतंच, 'मारुती वल्द गणपती' (गणपतीचा मुलगा मारुती) असं असतं. त्यामुळे शोधताना बापाचं नाव पाठ हवं, आणि गावाचा त्या वेळचा तालुका कोणता होता तेही आधीच विचारून ठेवा.