नवी नॅनोमीटर प्रक्रिया आधी वापरणारी कंपनी ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात जिंकतेच का?

जिंकते, पण बहुधा काही महिन्यांपुरतीच. २८ नॅनोमीटरचंच बघा (चिप बनवण्याच्या प्रक्रियेचं हे नाव; आकडा जितका लहान, तितके चिपवरचे भाग बारीक). एएमडी आणि एनव्हिडिया दोघीही चिप तैवानच्या टीएसएमसीकडून बनवून घेत होत्या. एएमडीने डिसेंबर २०११ मध्ये रेडिऑन एचडी ७९७० जाहीर केलं, किंमत ५४९ डॉलर. समोर एनव्हिडियाची जुनी ४० नॅनोमीटरची कार्डं होती, म्हणून एवढा भाव लावता आला. मार्च २०१२ मध्ये एनव्हिडियाचं २८ नॅनोमीटरचं जीटीएक्स ६८० आलं: ४९९ डॉलर, बहुतेक गेममध्ये सरस, आणि वीजमर्यादा एएमडीच्या २५० ऐवजी १९५ वॅट. चिपही लहान, सुमारे २९४ चौरस मिलिमीटर (एएमडीची ३५२), म्हणजे एका वेफरमधून (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिप कापतात तिच्यातून) जास्त नग. महिन्याभरात एएमडीला भाव उतरवावे लागले. कारखाना एकच असला की प्रक्रियेतली आघाडी टिकत नाही. फरक पडतो तो आर्किटेक्चरने, म्हणजे चिपच्या अंतर्गत रचनेने, आणि माझ्या मते तिकडे फारच कमी लक्ष दिलं जातं.

मात्र प्रक्रिया रखडली की दोघांचीही कोंडी होते. २० नॅनोमीटर मोठ्या ग्राफिक्स चिपना मानवली नाही, त्यामुळे २०१६ पर्यंत दोघी २८ वरच अडकून राहिल्या. त्याच २८ वर एनव्हिडियाने २०१४ मध्ये मॅक्सवेल या नव्या आर्किटेक्चरचं जीटीएक्स ९८० काढलं, फक्त १६५ वॅटचं.